पाचव्याचा हात

थाळी वाजली तसा गोवर्धनने दोर सोडला, आणि पडद्यापलीकडे पाचव्याने मान खाली घातली. बारा फूट उंचीचं ते गोणपाटाचं धूड हरलं की असंच करायचं. आधी हात गुडघ्यावर ठेवायचं, मग हळूहळू हनुवटी छातीला लावायचं आणि पाठीमागची वाट मोकळी करून द्यायचं. जिंकणारा माणूस कोणी पोट सुटलेला किराणा दुकानदार होता. धापा टाकत तो पुढे गेला, वाटेच्या टोकाला ठेवलेल्या कुंडीतलं पाणी डोळ्यांना लावलं, तिथली घंटा बडवली आणि बाहेरच्या उजेडात जाऊन आपल्या मंडळींना मोठमोठ्याने काही सांगू लागला. गोवर्धन अंधारात उजवा खांदा चोळत उभा राहिला. दुपारपासून पाचव्याला हरवणारा हा चौथा माणूस.

आता, लोक जिंकले तर तंबूवाल्याने वाईट वाटून का घ्यावं? शेजारच्या पाळण्यावाल्याला असं दुःख कधी झालं नव्हतं. पण गोवर्धनचं सगळं गणितच निराळं होतं. बहिरमच्या जत्रेत बांगड्यांची ओळ संपते तिथे त्याचा तो लांबोळका काळा तंबू गेली नऊ वर्षं उभा राहत होता. दारावर पाटी होती, ‘राखणदारांची गुहा’. एका वेळी एकच माणूस आत. त्याच्या हातात चिंध्यांचे तीन चेंडू. आत अंधारा बोळ, पायाखाली थंड वाळू, कुठेतरी टपटपणारं पाणी आणि वाटेत बसलेले पाच राखणदार. प्रत्येकाच्या अंगात एक पितळी थाळी लपवलेली. पहिला श्वास घेताना पोट फुगवी तेव्हा ती दिसायची, दुसरा मागे वळला की त्याच्या पाठीत दिसायची. चेंडू थाळीवर बसला की राखणदार हरला, चेंडू उचलून पुढे जायचं; नेम चुकला तर तो चेंडू गेला. राखणदाराचा हात आपल्याला लागला की आपण हरलो, बाजूच्या कनातीतून मुकाट बाहेर पडायचं. हाताच्या टोकाला कापसाची मऊ गादी होती, त्यामुळे लागायचं कोणालाच नाही. माणसाचा तोरा तेवढा उतरायचा.

आणि हे पाचही राखणदार चालवणारा माणूस एकटा गोवर्धन. पडद्यामागून, अनवाणी, आत आलेल्या माणसाच्या पावलाबरोबर पाऊल टाकत तो एका राखणदाराकडून दुसऱ्याकडे जायचा आणि भोकाला डोळा लावून दोर हातात घ्यायचा.

तो मूळचा पातूरचा. घर माळ्याचं. भाऊ वांगी आणि झेंडू लावायचे, तोही पावसाळाभर त्यांच्याबरोबर राबायचा. लहानपणी भर उन्हातून तो गावाबाहेरच्या लेण्यांत शिरायचा. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत पाऊल टाकलं की काहीच दिसायचं नाही. मग हळूहळू एकेक खांब अंधारातून पुढे यायचा, जसं कोणी आपल्याला बघून उभं राहिलंय. ते त्याच्या मनात घर करून बसलं. पुढे अकोल्याला एका जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली चार वर्षं काढली, कप्प्या आणि दोर कसे बोलतात ते तिथे कळलं. परत येऊन त्याने बांबू, गोणपाट आणि कपाशीच्या पऱ्हाट्या घेऊन पहिला राखणदार बांधला तेव्हा शकुन, त्याची बायको, कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, “लोकं पैसे देऊन भेव इकत घेतीन का?”

घेतलं लोकांनी. पौषापासून चैत्रापर्यंत जत्रा, उरलेले दिवस वांगी, असा त्यांचा संसार चालला. मूलबाळ नव्हतं. शकुन दारात पेटीवर बसून तिकिटं फाडायची. रोज सकाळी आतली वाळू सारखी करणं आणि टपटपणारं मडकं भरणं हेही तिचंच काम. खेळ चालू असताना मात्र ती एकदाही आत गेली नव्हती.

गोवर्धनचा एक नियम होता. पहिल्या चौघांशी माणूस लहान, म्हातारा, घाबरट असेल तर तो दोर सैल धरायचा. पाचव्याच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा नाही. मग समोर पाटील असो की पाटलाचा सालदार. पाचव्याचा दोर ओढला की हात वर जायचा, हात वर गेला की छातीतलं पत्र्याचं झाकण उघडून थाळी चमकायची, आणि हात खाली आला की मिटायची. म्हणजे थाळी दिसायची ती डोक्यावर हात लोंबत असतानाच. गोवर्धन तो हात कधी लगेच पाडायचा, कधी अधांतरी धरून ठेवायचा, समोरचा पुढे सरकेपर्यंत. तिवशाचा एक नावाजलेला पहिलवान इथे तीनदा हरला होता. आणि तेल्हाऱ्याची एक म्हातारी पहिल्याच खेपेला जिंकली होती. ती पाचव्यासमोर जरा लांब बसली, कनवटीचे फुटाणे खात त्याच्याकडे बघत राहिली, फुटाणे संपल्यावर उठली आणि एका चेंडूत थाळी वाजवून गेली. ही गोष्ट गोवर्धन दरवर्षी कोणाला ना कोणाला सांगायचा आणि सांगताना त्याचा चेहरा नुसता खुलायचा.

असं वर्षाकाठी पाच-सहा वेळा व्हायचं. पण गेल्या बहिरमापासून पाचव्याची थाळी सारखीच वाजू लागली. गोवर्धनने मनोमन शोध घेतला आणि त्याचं बोट एकाच ठिकाणी येऊन थांबलं: खांदा. तो आधीपासूनच दुखत होता, आणि गेल्या चैत्रापासून वर जाईनासा झाला होता. हात पाडताना तर दोराला असा काही हिसका बसायचा की मानेपर्यंत कळ जायची. आपलाच सांधा कुठेतरी अडकतोय, म्हणून पाचवा उशिरा मारतोय, म्हणून लोक निसटताहेत, अशी त्याची खात्री झाली. आठवड्यापूर्वीच त्याने शकुनला सांगून टाकलं होतं, “यंदाचं बहिरम झालं का तंबू इकून टाकू. माह्या हातच पुरून नाई राहिला त्याले.”

शकुन तेव्हा चूल फुंकत बसली होती.

तर, दुकानदार जिंकून गेला त्या रविवारीच उन्हं कलताना रविकांत आला. हा अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा. पहिल्या खेपेला आईचा नवस फेडायला म्हणून बहिरमला आला, आईला रोडग्यांच्या पंगतीत बसवून सहज तंबूत शिरला आणि तेव्हापासून दर रविवारी एस.टी.ने यायचा तो तडक इकडेच. आज तो पाचव्याला हरवून, घंटा वाजवून बाहेर आला होता. पण चेहऱ्यावर जिंकल्याची काही खूण नव्हती. रांग ओसरली तेव्हा तंबूच्या मागच्या बाजूला, चहाचा कप हातात घेऊन तो गोवर्धनजवळ उकिडवा बसला.

“गोवर्धनराव, रागावणार नसाल तर एक बोलतो.”

“बोला ना सायेब. राग काह्याचा?”

“तुमच्या त्या बोळात शिरलं की मला माझ्याच श्वासाचा आवाज ऐकू येतो. बाहेर पिपाण्या, पाळणे, लाउडस्पीकर. आत नुसता एक थेंब. दुसरा कोणी असता तर त्याने भुतं नाचवली असती, किंचाळ्या ऐकवल्या असत्या. तुम्ही काहीच करत नाही. तो राखणदार बसलेला असतो आणि वाटतं, आपणच न विचारता त्याच्या घरात शिरलोय. पहिल्या रविवारी तर मला त्याची माफी मागावीशी वाटली होती.”

गोवर्धनच्या हातातला कप तसाच राहिला. नऊ वर्षांत लोक ‘मजा आली’ म्हणाले होते, ‘भेव लागलं’ म्हणाले होते. हे असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याला एकदम लाजल्यासारखं झालं.

“आता खोटही सांगतो,” रविकांत म्हणाला.

“सांगा.”

“बोळ फार लांब आहे. पहिल्यांदा छान वाटतं, तिसऱ्यांदा आपण नुसते चालत राहतो.”

“मी एकला मानूस हाओ, सायेब. तुमी बोळातून येईपर्यंत मले मांगून दुसऱ्या दोरापाशी पोचा लागते.”

“असं आहे होय!” रविकांत हसला. “आणि चेंडू फार हलके. नेम धरावा एकीकडे आणि जातात भलतीकडे. माणसाने हरावं ते स्वतःच्या चुकीने हरावं, चिंध्यांच्या चुकीने नको. तिसरा राखणदार तर त्या दुसऱ्याचीच नक्कल आहे की हो, शिंगं लावलेली.”

“त्या साली गोणपाट सरलं होतं,” गोवर्धन प्रामाणिकपणे म्हणाला, आणि दोघंही हसले.

मग रविकांत गंभीर झाला. “ते सगळं चालेल. पण पाचवा फसवा आहे. त्याच्यासमोर आपल्या उजव्या हाताला तंबूचा खांब आहे ना, त्याला पाठ लावून उभं राहिलं की त्याचा हात पोचतच नाही. खांबाला मोठी गाठ आहे, तिथे त्याच्या हाताचा बांबू अडतो आणि वीतभर अलीकडे थांबतो. तिथे उभं राहायचं, हवा तेवढा वेळ नेम धरायचा. मी आज तसाच जिंकलो. खरं सांगू? जिंकून वाईट वाटलं.”

गोवर्धन त्याच्याकडे बघतच राहिला. भोकातून त्याला सगळं दिसायचं, तेवढी खांबाची पुढची बाजू दिसायची नाही. म्हणजे पाचवा उशिरा मारत नव्हता. हात अडत होता.

“तुमाले कोनं सांगतलं हे?”

“तिकिटावर बसतात त्या बाईंनीच,” रविकांत निरागसपणे म्हणाला. “चेंडू देता देता हळूच म्हणाल्या, ‘भाऊ, पाचव्याजोळ गेले का उजव्या खांबाले चिकटून राहा.’ मला वाटलं, ती खेळाचीच एक खूण असेल.”

दिवेलागणीला रांग संपली. शकुनने चूल पेटवून भाकरी टाकायला घेतली. गोवर्धन समोर येऊन बसला. पाटावर नाही, मातीतच.

“तू सांगतलं लोकायले?”

शकुनने भाकर उलटली. “हाव.”

“कवापासून?”

“मांगच्या बहिरमापासून.”

“काहून?”

तिने चुलीत एक काटकी सारली. मग भाकरीकडे बघतच म्हणाली, “कुशीवर वळाले गेले का कन्हता तुमी. एकेक मानूस त्या पाचव्यापुढं धा-धा मिनिटं नाचते. थो बाहेर हासत येते आन् तुमी मांगून खांदा धरून येता. लवकर थाळी वाजली का लवकर दोर सुटते. पह्यले एका म्हातारीले सांगतलं, मंग एका लेकुरवाळीले. मंग जो दिसन त्याले सांगतलं.”

“मी समजून राहिलो होतो का माह्या हात गेला! तंबू इकाले काढला मी!”

“हात गेलाच हाय,” शकुन म्हणाली. “थो काई म्या नाई घालवला.”

ती असंच बोलायची. खांबावर बांबू आपटला की तो हिसका दोरातून कुठे येतो, हे गोवर्धनला आता लख्ख कळलं होतं. वर्षभर ज्याला तो सांध्याचं दुखणं समजत होता ते त्या गाठीवरचं आपटणं होतं. बायकोने त्याचा खांदा वाचवायला माणसं खांबाआड उभी केली आणि तिथे उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसामागे त्याचा खांदा थोडा थोडा निसटत गेला. शब्द जिभेवर आले. तिच्या कपाळावर चुलीच्या धगीने आलेला घाम दिसत होता. त्याने ते शब्द गिळले, आणि पुढे कधीही बाहेर काढले नाहीत.

“खांबाचं तुले कसं समजलं?” एवढंच त्याने विचारलं.

“रोज वाळू कोन सारखी करते? गाठीवर घासल्याचं दिसते ना.”

“त्या लोकायनं पाचव्याले हारवलंच नाई, शकुन. आडोशाले राहून थाळी वाजवली नुसती.”

“खूश होऊन गेले.”

“फसून गेले.”

तिने भाकर त्याच्या ताटात टाकली, वर वांग्याची भाजी. दोघांनी जेवण केलं, भांडण कोणी वाढवलं नाही.

सकाळी गोवर्धनने पटाशी घेतली आणि डाव्या हाताने खांबाची गाठ तासून काढली. चेंडू उसवून त्यांत थोडी वाळू भरली. तिसऱ्या राखणदाराची शिंगं काढावीत का, याचा विचार केला आणि ती तशीच ठेवली. शकुन कनातीशी उभी राहून बघत होती.

“आता कोनाले काई सांगू नको,” तो म्हणाला.

“मंग खांदा?”

“पाहू.”

‘पाहू’ म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. आठवडाभर पाचव्याची थाळी वाजली नाही. पाचवा पुन्हा पहिल्यासारखा झाला. लोक हरून, हसून, चरफडत बाहेर पडू लागले, काही जण पुन्हा रांगेत उभे राहिले. गोवर्धन आतून सुखावला होता. फक्त दुपारनंतर त्याला डोक्याचं मुंडासंही उजव्या हाताने नीट करता येईनासं झालं. शकुन गरम पाण्याने शेकायची आणि ओवा घालून तेल चोळायची.

पुढच्या रविवारी रविकांत आला. जड चेंडू हातात तोलून पाहिले, खुशीने मान डोलावली आणि आत गेला. पहिल्या चौघांना त्याने हरवलं, पण त्यात दोन चेंडू गेले. पाचव्यासमोर तो उभा राहिला तेव्हा हातात एकच होता. गोवर्धनने दोर ओढला. हात वर गेला, रविकांत पुढे आला, हात पडला, रविकांत मागे सरला. एकदा, दोनदा, आठदा. दोघंही एकमेकांना ओळखू लागले होते. गोवर्धनला पडद्याआडून त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि वर्षानुवर्षांत झाला नव्हता असा खेळ आज होतोय याचा त्याला आनंद होत होता.

नवव्यांदा त्याने दोर ओढला आणि हातच उठला नाही. पाचव्याचाही नाही, त्याचाही नाही. बोटं दोरावर होती, पण खांद्यापासून खाली कोणी दुसऱ्याचाच हात लावून ठेवल्यासारखं झालं. त्याने डाव्याने ओढून पाहिलं. बांबू वीतभर हलला आणि खाली बसला. पडद्यापलीकडे पाचवा गुडघ्यावर हात ठेवून नुसता बसून राहिला. झाकण बंद. मारताही येत नाही आणि हरताही येत नाही, अशी त्याची गत झाली.

“गोवर्धनराव?” पलीकडून हलकेच हाक आली.

गोवर्धनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायलाही डावा हातच वर न्यावा लागला.

बाहेर पेटीवर बसलेल्या शकुनला आतलं काही दिसायचं नाही, पण नऊ वर्षं तिने ऐकलं सगळं होतं. वाळूवर गादी पडल्याचा धप्प आवाज, मग थोडी शांतता, मग पुन्हा धप्प. आज शांतता लांबली. तिने पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातातलं तिकीट तसंच राहू दिलं, पदर कमरेला खोचला आणि कनात उचलून मागे आली. नवऱ्याकडे तिने एकदाच पाहिलं. मग त्याच्या हाताखालून दोर काढून घेतला.

“शकुन, हे तुले नाई जमाचं.”

“सरका तिकडं.”

तिने दोर ओढला. गोवर्धनसारखा एका दमात नाही. पातूरच्या विहिरीवर दिवसाला वीस-वीस घागरी शेंदणाऱ्या बाईला दोर ओढायची एकच रीत ठाऊक होती, हातावर हात. एक हात वर, मग दुसरा त्याच्या वर. त्यामुळे पाचव्याचा हात एकदम उठेना. तो थोडा उठला, थांबला, आणखी थोडा उठला, पुन्हा थांबला. छातीतलं झाकण किलकिलं झालं, थाळीची कड दिसली, अजून थोडी दिसली. रविकांतने आठ वेळा मोजून मनात पक्का केलेला ताल त्या एका शेंदण्यात मोडून पडला. आता पडेल म्हणून तो मागे सरला, तर हात पडला नाही. आता थांबेल म्हणून पुढे आला, तर वरून गादी आली आणि त्याच्या खांद्यावर बसली.

धप्प.

रविकांत कनातीतून बाहेर पडला तो थेट मागे आला. गोवर्धनचा चेहरा, शकुनच्या हातातला दोर, दोन्ही त्याने पाहिलं. गणिताचा माणूस, त्याला उत्तर समजायला वेळ लागला नाही. त्याने शकुनला हात जोडले आणि कसलंही भाषण न करता निघून गेला.

त्या दिवसापासून जागा बदलल्या. पेटीवर गोवर्धन आणि दोरावर शकुन. तंबू विकायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. लोकांना काय, तंबू चालू होता. उलट गर्दी वाढली. बाहेर पडणारे लोक पाचव्याबद्दल असं काही बोलायचे की गोवर्धनला तो ओळखूच येईना. “थो विचार करते ना बे,” एक जण म्हणत होता. “हात वर नेऊन आपल्याकडं पाह्यते.” गोवर्धन डाव्या हाताने तिकीट फाडत हे ऐकायचा. त्याला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. पोटच्या पोराने दुसऱ्याच्या घरी जाऊन शहाण्यासारखं वागावं, आणि ते आपल्याला शेजाऱ्यांकडून कळावं, तसलं काहीतरी.

जत्रा उठायला दोन दिवस राहिले होते. उन्हं उतरत होती. रांगेत चार माणसं होती. गोवर्धन एकाएकी उठला आणि शेजारी बांगड्यांचं दुकान लावणाऱ्या पार्बताबाईला म्हणाला, “मावशी, दोन घडी पेटी पाह्यजा.” मग रांगेतल्या पहिल्या माणसाला थांबायला सांगून त्याने तीन चेंडू उचलले आणि पुढच्या दाराने आत शिरला.

नऊ वर्षं तो या तंबूच्या मागल्या बाजूला राहिला होता. पुढून, खेळ चालू असताना, तो कधीच चालला नव्हता. पावलाखाली वाळू थंड होती. थेंब टपटपत होता. डोळ्यांना काही दिसेना, मग हळूहळू बांबूची एक कड पुढे आली, आणि त्याच्या अंगावर तोच लहानपणचा काटा उभा राहिला. पडद्यापलीकडे अनवाणी पावलं त्याच्या बरोबरीने चालत होती. बोळ जरा लांबच होता, हेही त्याच्या लक्षात आलं. प्रोफेसर काही खोटं बोलला नव्हता.

पहिल्या चौघांत त्याने दोन चेंडू घालवले. डाव्या हाताचा नेम तो कसला. राखणदार कुठे उघडे पडतात ते तोंडपाठ होतं म्हणूनच निभावलं. मग तो पाचव्यासमोर आला.

खाली ठेवलेल्या कंदिलाचा उजेड पाचव्याच्या चेहऱ्यावर पडला होता. हा चेहरा त्यानेच रंगवला होता, अंगणात, भर दुपारी. इथे तो निराळा दिसत होता. थकलेला, आणि कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखा. गोवर्धन शेवटचा चेंडू धरून उभा राहिला. पडद्यातल्या भोकामागे शकुनचा डोळा असणार हे त्याला ठाऊक होतं. मुंडासं, चाल, लोंबणारा उजवा हात, तिने कधीच ओळखलं असणार. आता ती दोर सैल धरेल, असं त्याला वाटलं. वर्षभर अख्ख्या वऱ्हाडाला जिने सूट दिली ती नवऱ्याला देणार नाही? पण तिने तसं केलं असतं तर या तंबूत पुन्हा पाऊल ठेवायला त्याला जड गेलं असतं.

पाचव्याचा हात उठला. थांबला. आणखी उठला. झाकण किलकिलं झालं आणि थाळीची कड चमकली. गोवर्धनने डावा हात मागे नेला. हात अजून वर गेला, थाळी अर्धी उघडी पडली, आणि आता ती पूर्ण उघडेपर्यंत शकुन थांबणार असं वाटून तो एक पाऊल पुढे आला.

शकुन थांबली नाही. बारा फुटांवरून हात आला, सगळ्या वजनानिशी, जराही न बिचकता, आणि गादी गोवर्धनच्या छातीवर बसली. तो वाळूत सपशेल बसला. चेंडू कुठे घरंगळत गेला ते अंधारात दिसलं नाही.

पाचव्याने हात सावकाश मागे घेतला आणि गुडघ्यावर ठेवला. किती नीट ठेवला! गोवर्धनच्या हातून तो कधी इतका नीट ठेवला गेला नव्हता. तो तसाच वाळूत बसून बघत राहिला. पडद्यामागे काही हालचाल नव्हती, कोणी हाक मारली नाही, लागलं का म्हणून विचारलं नाही. मग तो हाताने वाळू चाचपत उठला आणि हरलेल्यांच्या कनातीतून बाहेर आला.

बाहेर उजेडाने त्याचे डोळे मिटले. धोतराला पाठीमागून वाळू लागलेली पाहून पार्बताबाईला हसू आवरेना.

“काय बापा गोवर्धन, बायकोनं पाडलं वाटते!”

“नाई मावशी,” गोवर्धन म्हणाला. “पाचव्यानं पाडलं.”

तो पेटीवर जाऊन बसला आणि रांगेतल्या पहिल्या माणसाकडे त्याने चेंडू सरकवले.